बाबांनी मचवा कुठे ठेवला

मचवा गेलेला माणूस दुसऱ्यांदा कालवण मागत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण मी अर्नाळ्याच्या कोळ्याची मुलगी, असल्या गोष्टी मला न सांगता कळायच्या. वादळानंतर पहिल्यांदा आमची चूल नीट पेटली, त्या दुपारी माझ्या सासऱ्यांनी थाळी पुढे सरकवली आणि म्हणाले, "अजून वाढ गो, बोंबील बरा झालाय." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मचव्यासाठी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. मी वाढलं. बाबांनी खाल्लं, बोटं चाटली, बाहेर जाऊन विडी पेटवली. त्या क्षणापासून मी माझ्या सासऱ्यांवर पाळत ठेवायला लागले. नवीन सून होते, छप्पर उडालेल्या घरात दुसरी करमणूक नव्हती.

तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं आणि रेशन जुनंच होतं. दिवाळी होऊन गेली होती. पावसाळ्यात भिंतींना बांधलेली झावळ्यांची झापं आम्ही कधीच काढून चुलीत घातली होती, बोंबील काठ्यांवर वाळत होते, होड्यांना ताजं डांबर होतं. अशा कोरड्या दिवसांत समुद्र अंगावर येईल असं माझ्या सासरी, पाचूबंदरात, कुणाच्या मनात नव्हतं. सकाळी बंदरावर वादळाचा बावटा चढला, तेव्हा लोकांनी नेहमीचंच केलं. होड्या ओढून वाळूत वर घेतल्या, शिडं आणि वल्ही घरी आणली, होड्यांचे दोर माडांना बांधले, आणि आम्ही सगळे किल्ल्याच्या तटावर जाऊन बसलो. बाबा तेवढे सगळ्यांच्या मागून, अंधार पडल्यावर आले. उजाडल्यावर खाली उतरलो, तर आमची गल्ली कुठे होती ते विहिरीच्या काठावरून ओळखावं लागलं. गल्लीतली माणसं वाचली होती. माड कमरेत मोडले होते. जे उभे होते त्यांच्या बुंध्यांना दोर होते, दोरांच्या दुसऱ्या टोकाला होड्या नव्हत्या.

आमचाही मचवा नव्हता. माझा नवरा त्या वेळी सुकी मासळी घेऊन मुंबईला गेला होता. रूळ पाण्याखाली गेल्यामुळे तो चिखल तुडवत उशिरा परतला. त्याने बापाला विचारलं, "मचवा?" बाबांनी पाण्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नवऱ्याने पुन्हा विचारलं नाही. तो मागे जाऊन रडला. मला त्याची दया आली, आणि बाबांच्या त्या मान खाली घालण्यात काहीतरी खटकलंसुद्धा. मान जरा जास्तच व्यवस्थित खाली गेली होती.

आता विम्याचं सांगते, कारण विमा नसता तर हे सगळं आमच्या घरातच मिटलं असतं.

माझ्या नणदेचे यजमान गिरगावात राहत, कडक इस्त्रीची पॅन्ट घालत आणि विम्याची एजंटकी करत. नव्या एजंटाचं पहिलं गिऱ्हाईक सासरा असतो, त्याप्रमाणे त्यांनी आमच्या मचव्याचा विमा उतरवला. पाचूबंदरात तेव्हा ही गोष्ट कुणी ऐकली नव्हती. समोरच्या घरातली आमची शेजारीण मिसेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये न चुकता जाणारी ख्रिस्ती कोळीण, आवाज पार खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. बाबा मचव्याचे तांडेल, सुकाणू त्यांच्याच हाती; ती त्यांना दारात उभी राहून म्हणाली होती, "तांडेल, जित्या मानसाच्या नावानं मरनाची मिसा वाचतात काय कुठं? मचवा पान्यात हाय आनि तुमी त्याच्या मयताचे पैसे ठरवताव." बाबा हसले होते. लेकीच्या संसाराला तेवढाच हातभार, असा त्यांचा हिशेब.

वादळानंतर जावई लगेच धावत आले. त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांचेच अंगठे निळे होते. तांदळासाठी अंगठा, रॉकेलसाठी अंगठा, पत्र्यांसाठी अंगठा. जावयांनी बाबांना विचारलं, "मचवा?" बाबांनी पाण्याकडे पाहिलं, मान खाली घातली. जावयांनी पिशवीतून एक कागद काढून मांडीवर पसरला, बाबांनी त्यावर अंगठा उठवला, आणि जावई घाईघाईने निघून गेले. मला वाटलं, पत्र्याचा कागद असेल.

तो मचवा पूर्ण बुडाल्याचा दावा होता, हे आम्हाला साहेब आले तेव्हा कळलं.

साहेब म्हणजे कंपनीने पाहणीला पाठवलेला माणूस. बारीक, घाऱ्या डोळ्यांचे, रबरी बूट, काखेत छत्री, बोलणं अगदी पुस्तकी. आमच्याकडे छप्पर म्हणून वर मचव्याचं शीड ताणलेलं होतं. त्याच्याखाली पाटावर बसून त्यांनी चहा घेतला, वर पाहिलं, आणि पुन्हा एकदा वर पाहिलं.

"तांडेल, हे शीड कुणाचं?"

"माझा."

"मचव्याचं?"

"तर काय माज्या लुगड्याचा हाय?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि कोपऱ्यातली वल्ही?"

"ती पन मचव्याचीच," बाबा म्हणाले.

"म्हणजे मचवा गेला, आणि मचव्यावरचं सगळं घरी आहे."

समोरच्या दारातून शेजारीण म्हणाली, "वादळाच्या आधी समदेच उतरवून ठेवतात, साहेब. तुमी घर सोडून जाताना दागिने भिंतीवर टांगून जाताव?"

साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ती कुठे दागिने ठेवते ते त्यांना आता कळलं आहे. मग ते बाबांकडे वळले. "मचवा फुटला असेल तर फळ्या किनाऱ्याला लागल्या असतील. एखादी दाखवा."

इथे खरी गंमत होती. फळ्या लागल्या होत्या. समुद्राने प्रत्येक होडी फोडून तिच्या फळ्या गावभर वाटल्या होत्या, आणि गाव त्याच फळ्यांनी घरं बांधत होतं. ज्याच्या अंगणात जी फळी आली ती त्याची, असा आमच्याकडचा रिवाज. पण कोळी आपल्या होडीची फळी पोटच्या पोरासारखी ओळखतो. त्यामुळे त्या दिवसांत पाचूबंदरातले पुरुष हात पाठीमागे बांधून गल्लीतून सावकाश फिरायचे आणि एकमेकांची नवी दारं बघायचे. "दार छान झालं," असं म्हणून फळीवरून बोट फिरवायचं आणि मनात धरून ठेवायचं. शेजारणीच्या खुराड्याला एक निळी फळी होती, तिच्यावर अर्धा क्रूस होता. उरलेला अर्धा दुसऱ्या गल्लीत एका हिंदू घराच्या न्हाणीला लागला होता, आणि त्यावरून दोन्ही घरं बोलत नव्हती. सगळ्यांना सगळ्यांचा संशय होता. फक्त आमच्या मचव्याची एक फळी, एक खिळा, डांबराचा एक तुकडाही कुणाच्या भिंतीत नव्हता.

साहेब गल्लीभर फिरले. संध्याकाळी ते परत आले तेव्हा म्हणाले, "समुद्राने सगळ्यांना थोडं थोडं परत दिलं. तुम्हालाच काही दिलं नाही. आश्चर्य आहे."

"समुद्राचा काय सांगता येतो," बाबा म्हणाले.

माझ्या नवऱ्याला राग आला. बापाला चोर म्हणतात म्हणून तो उठून गेला. मी मात्र भांडी घासत बसले आणि मनात म्हटलं, साहेब माझ्यासारखाच विचार करतोय.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे दगड गेले. खरं तर ते आधीच गेले होते, लक्षात त्या दिवशी आलं. मागच्या अंगणात मासळी खारवायचं लाकडी पीप जमिनीत पुरलेलं होतं. मीठ घालून मासळी रचली की तिच्यावर फळकुट ठेवायचं आणि फळकुटावर मोठाले काळे गुळगुळीत दगड. ते दगड सासूबाईंच्या सासूपासूनचे. फळकुट जागेवर होतं, दगड नव्हते. सासूबाई थेट समोर गेल्या.

"तुज्या खुराड्याखाली बघू दे."

"बघ ना गो बाय. अंडी मिळाली तर ती पन तुजीच म्हन."

"दगड काय पान्याबरोबर चालत गेले?"

"माज्याकडं आले असते तर मी त्यांना च्या पाजून परत पाठवलं असतं. तुज्याएवढी बोलनारी दुसरी कोन हाय माज्याशी?"

त्यांचं ते भांडण बराच वेळ आणि फार आनंदात चाललं. मी अंगणात उभी राहून फळकुटाकडे बघत राहिले. समुद्र हलकं लाकूड सोडून दगड नेत नाही. दगड माणसाने नेले, आणि वादळाच्या आधी नेले. मग मला लख्ख आठवलं, माझे वडील अर्नाळ्याला सांगायचे ते. जुनी माणसं मोठ्या वादळाआधी मचवा वाळूत ओढत नसत. खाडीत तिवरांच्या झाडीच्या आडोशाला नेऊन, बूच काढून, आत दगड घालून मुद्दाम तळाला बसवत. लाटा वरून जातात, खालचा मचवा चिखलात सुखरूप राहतो. याला मचवा निजवणं म्हणत. आणि निजवलेल्या मचव्याबद्दल तो पुन्हा वर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, जागा घरच्या माणसालाही सांगायची नाही. बोललं की खाडी त्याला आपला म्हणते. वर काढायचा तोही भर उजेडात, अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, जेव्हा पाणी अगदी तळाला जातं.

असं होतं तर. जावयांनी विचारलं तेव्हा बाबांनी रीत पाळून तोंड बंद ठेवलं, आणि त्यांच्या बंद तोंडावरून जावयांनी अख्खा मचवा बुडवून टाकला.

बाबांच्या आणखी एका गोष्टीचाही उलगडा झाला. ते दिवसातून कितीतरी वेळा लोटा घेऊन खाडीकडे जात. सासूबाईंना वाटे वादळाचं पाणी बाधलं, म्हणून त्या त्यांना सुंठ देत. बाबा बिचारे सुंठ खात आणि पुन्हा लोटा घेऊन निघत. साहेबांनाही ते जाणवलं होतं. एका सकाळी मी मिठागराच्या बांधावर सरपण वेचत होते, तेव्हा पुढे लोटा घेतलेले बाबा आणि बऱ्याच अंतरावर मागे छत्री घेतलेले साहेब, अशी वरात मी स्वतः पाहिली. बाबा थांबले की साहेब थांबत आणि आभाळ बघत. बाबा तिवरांत शिरले, साहेबही शिरले, आणि चिखलाने त्यांचा एक बूट धरून ठेवला. साहेब एका पायावर उभे. बाबा मागे वळले, लोटा खाली ठेवला, बूट उपसून दिला आणि विचारलं, "तुमाला पन सुंठ देऊ काय, साहेब?"

साहेब मुंबईला गेले. काही दिवसांनी जावई धावतपळत आले, चेहरा उजळलेला. कंपनी अर्धी रक्कम द्यायला तयार होती. साहेबाला पुरावा सापडला नव्हता, तंटा वाढवण्यापेक्षा अर्ध्यावर मिटवायचं असं वरच्यांनी ठरवलं होतं. अमावास्येला साहेब कागद घेऊन येतील, बाबांनी अंगठा द्यायचा, की झालं. सासूबाईंनी त्याच दुपारी मंगलोरी कौलांची स्वप्नं बघायला सुरुवात केली. नवऱ्याने दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचं ठरवलं होतं, तो जरा सावरला.

बाबांनी मात्र त्या दिवशी दुसऱ्यांदा कालवण मागितलं नाही.

मी जाळ्याची भोकं विणत त्यांच्याजवळ बसले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"बाबा, कोन कुठं निजलाय ते मी इचारत नाय."

त्यांनी विडी जमिनीवर विझवली. म्हणाले, "मग काय इचारतेस?"

"अंगठा कशाला दिलात?"

"तांदळाचा कागद हाय म्हनून दिला. तांदूळ आला पन होता ना त्याच दिवशी."

मला हसू आलं, आणि लगेच आवरलंही, कारण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मचवा वर आला की जावय आत," ते हळूच म्हणाले. "खोटा दावा केला म्हनून त्याला पकडनार. पोरीचं काय होईल? आनि वर नाय काढला, तर पैसे घेऊन बसायचा आनि तो तिथं कुजताना बघायचा. पावसाळ्याच्या आत कीड लाकडाचं पीठ करंल. तू शिकलेली. सांग."

सातवी पास होते मी. सातवीच्या पुस्तकात हे नव्हतं. ते उठले आणि लोटा न घेताच खाडीकडे गेले.

अमावास्येला साहेब आले, जावई आले, नणंदही आली. अंगणात शिडाच्या सावलीत पाट मांडला, शाईचा डबा उघडला. ओहोटी जोरात लागली होती, बंदरातलं पाणी मागे मागे सरत होतं. बाबांनी अंगठा शाईवर नेला, थांबवला आणि म्हणाले, "मी जरा खाडीकडं जाऊन येतो."

"मीही येतो," साहेब म्हणाले.

साहेब निघाले म्हणून जावई निघाले, जावई निघाले म्हणून आम्ही, आणि आमच्या मागे गल्ली. शेजारणीने चूल विझवली आणि आली. सगळे एकमेकांकडे तिरके बघत होते. तिवरांपलीकडे खाडी जवळजवळ कोरडी पडली होती. चिखलाच्या मधोमध, काळ्या म्हशीने तोंड वर काढावं तशी आमच्या मचव्याची नाळ, पुढचं निमुळतं टोक, दिसत होती. नाळेवर बाबांनी दिवाळीला लावलेला शेंदूर अजून होता.

जावयांचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेबांच्या घाऱ्या डोळ्यांत मात्र दिवाळी होती. ते गुडघाभर चिखलात उतरले, मचव्यात डोकावले. "आत दगड आहेत," ते म्हणाले. "गुळगुळीत. माणसाने ठेवलेले." मग उभे राहून त्यांनी जावयांकडे पाहिलं. त्या नजरेत कोर्ट, पोलीस, सगळं होतं.

तेवढ्यात बाबांनी कपाळावर हात मारला. सावकाश, नीट दिसेल असा.

"अरे," ते म्हणाले, "मी हितं ठेवला होता."

चष्मा डोक्यावर सापडलेल्या माणसासारखा सूर होता तो. खाडीतली वाळू न वाळू जाणणारा, अंधारात वासावरून बंदर ओळखणारा तांडेल सगळ्या पाचूबंदरासमोर म्हणाला, की मचवा कुठे ठेवला ते मी विसरलो.

"विसरलात?" साहेब म्हणाले.

"वादळ मोठा होता, साहेब. डोक्यातून वारा गेला. ह्या जावयाला मीच सांगितलं, गेला म्हनून. त्यानं बिचाऱ्यानं लिवलं."

"छत्री विसरावी तसा मचवा विसरलात."

"तुमी कदी छत्री इसरलाव?"

"कधीच नाही."

"मंग तुमाला नाय कळायचं."

नवरा बापाकडे असा बघत होता, जणू हा माणूस कोण ते त्याला ठाऊकच नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण नणदेने माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. साहेबांनी बाहेर येऊन छत्रीच्या टोकाने बुटांवरचा चिखल खरवडला. कंपनीचे पैसे वाचले होते, तंटा मिटला होता. त्यांनी लिहून घेतलं, की वादळाच्या धक्क्याने तांडेलाची स्मृती गेली, दाव्यात कुणाची लबाडी दिसत नाही. बाबांनी अंगठा दिला. जाताना साहेब बाबांना हळूच म्हणाले, "मी असं लिहिलं. वरचे मानतील असं नाही."

भरती यायच्या आत पुरुषांनी दगड काढले, पाणी उपसलं, आणि पाण्याबरोबर मचवा वर आला. एक फळी तडकली होती, तेवढंच. नवऱ्याने ती बदलली, डांबर दिलं, आणि आम्ही छपरावरचं शीड काढून पुन्हा डोलकाठीला लावलं. छप्पर म्हणून परत झावळ्या आल्या. कौलं सासूबाईंच्या डोक्यातच राहिली. गल्लीतला संशय काही कमी झाला नाही. आता लोक म्हणायला लागले, की म्हाताऱ्याने पैसे पण घेतले आणि मचवा पण.

वरच्यांनी खरंच मानलं नाही. शिमग्याच्या आधी कंपनीने दुसरा माणूस पाठवला. हा गोल, हसरा, मासळीचा शौकीन. लिलावाच्या जागी बायकांच्या पाट्यांजवळ बसून गप्पा मारायचा आणि मध्येच सहज विचारायचा, "तांडेल हल्ली विसरतो म्हणे?" शेजारणीने आमची बाजू घ्यायची म्हणून सांगितलं, "काल माज्या घरात शिरला, मना म्हनतो, जेवाया वाढ. मी म्हनलं, दादा, तुजी बायको समोर हाय." हे जरा जास्तच झालं. बाकीच्या बायकांना कसलीच कल्पना नव्हती, त्यांनी कौतुकाने खरं सांगितलं. तांडेल आणि विसरेल? खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, पाण्याखाली दिसत नाही, त्याच्या बाजूने तांडेल डोळे मिटून मचवा आणतो. आजवर एकदा लागला नाही.

"असं का," तो हसरा माणूस म्हणाला. "मग आज संध्याकाळी मी धक्क्यावर थांबतो. ज्याला मचवा कुठे ठेवला ते आठवत नाही, त्याला वाट कशी आठवते ते बघू."

मी हे ऐकलं, पण बाबा तेव्हा समुद्रावर होते. त्यांना सांगायला मार्ग नव्हता. जावयांना बोलावणं धाडायला वेळ नव्हता. मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले, सासूबाई आल्या, बातमी पसरली तसं गाव आलं. हसरा माणूस भाजलेले मांदेली खात सगळ्यांत पुढे उभा होता.

मचवा दिसला. सुकाणूवर बाबा, पुढे माझा नवरा, मधे खलाशी. उतरतं पाणी होतं. बाबांनी दुरून धक्क्यावरची गर्दी पाहिली असणार. त्या वेळी लिलावाला एवढी माणसं कधीच नसतात, आणि पॅन्टवाला त्यांत एकच होता. मचवा नेहमीसारखा सरळ येत होता, वाळूच्या दांड्याजवळ आला, जिथे बाबा नेहमी उजवीकडे घेत. त्यांनी उजवीकडे घेतला नाही.

मचवा लागल्याचा आवाज धक्क्यापर्यंत आला. तो वाळूवर चढला आणि एका बाजूला कलला. खलाशी ओरडले. नवरा मागे वळून बघत राहिला. धक्क्यावर आधी कुणालाच खरं वाटलं नाही, मग एक पोर हसलं आणि मग सगळेच हसले. हसणं पाण्यावरून पलीकडे गेलं असणार, कारण खलाशांनी माना खाली घातल्या. बाबांनी विडी पेटवली. आमच्याकडे त्यांची पाठ होती. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे मला इतक्या लांबून दिसलं नाही.

हसऱ्या माणसाने कागदावर दोन ओळी लिहिल्या, हात पुसले आणि शेवटच्या गाडीने गेला. त्यानंतर कंपनीचं कुणी आलं नाही. नणंद शिमग्याला माहेरी आली, जावईही आले, फक्त विम्याबद्दल बोलले नाहीत.

त्या रात्री भरती लागली तेव्हा माझ्या नवऱ्याने सुकाणू घेतलं आणि मचवा धक्क्याला आणला. खलाशी उतरले. त्यांच्यातला सर्वांत जुना बाबांना म्हणाला, "तांडेल, उद्यापासून पोराला बसू दे मागं. आमची पन पोरं हायत." बाबांनी मान हलवली. गर्दीतून ते सरळ घरी आले. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "वाळू दिसली नाय?"

"दिसली," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते पुढे नाळेपाशी बसायला लागले. परतताना दांडा जवळ आला, की ते तोंड दुसरीकडे फिरवत आणि माझ्या नवऱ्याला एकट्यालाच वाट काढू देत.